पहिला ठिपका छपराचा

३ जून, मंगळवार. सकाळ.

साबणाची वडी बादलीत पडली आणि एकदम सेंट ओडिलिया शाळा आठवली. शनिवारची दुपार, वसतिगृहामागचा धुण्याचा कट्टा. मी आणि अपोलोनिया दुसऱ्या फॉर्मात (हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षात), कोपरापर्यंत फेस. ती कपडे पिळत होती. मी पिळायचं सोडून ओल्या सिमेंटवर कोळशाने सिस्टर अल्डेगोंडांची गिनी कोंबडी काढत होते. इवलंसं डोकं, भला मोठा घेर, तुरुतुरु पाय. अपोलोनिया हसता हसता बादलीवर बसली, बादली कलंडली, आणि मागे पाहतो तर सिस्टर उभ्या. मी कोळसा पाठीमागे लपवला. सिस्टरांनी चष्मा पुसला, चित्र नीट पाहिलं, म्हणाल्या, "चोच लहान आहे," आणि निघून गेल्या. बस, एवढंच. अठ्ठेचाळीस वर्षं झाली.

अपोलोनियाची आठवण आली असं मुळीच नाही. साबणावरून विषय निघाला. अकरा वर्षांपूर्वी ती पक्षाच्या महिला आघाडीत गेली तेव्हापासून आम्ही बोलत नाही. आता तिचाच पक्ष सत्तेवर आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

आता कामाचं. गेली चार वर्षं दर गुरुवारी वर्तमानपत्राच्या पान सहावर मी महामहिम राष्ट्राध्यक्षांची गिनी कोंबडी काढते. सुटाबुटातली. मोडलेल्या प्रत्येक वचनाचा अंगावर एक पांढरा ठिपका. पहिला ठिपका गळ्यापाशी, तो सेंट ओडिलियाच्या वसतिगृहाच्या छपराचा. वादळात छप्पर उडालं तेव्हा महामहिम हेलिकॉप्टरने आले होते. चिखलात उभं राहून मुलींना म्हणाले, पावसाआधी पत्रे येतील. त्यानंतर चार पावसाळे गेले. मुली अजून जेवणाच्या खोलीत चटया टाकून झोपतात.

या गुरुवारी एकतिसावा ठिपका. एकतीस ठिपके कुठलाही माणूस सहन करू शकणार नाही. सप्टेंबरात निवडणूक. त्याआधी एक तर पत्रे येतील, नाही तर महामहिम जातील. मी दोन्हींना तयार आहे.

अटकेची बॅग भरून दारामागे ठेवली. दोन पेटीकोट, स्वेटर, व्हॅसलीन, जपमाळ, टूथब्रश, खोडरबर. मला काही झालं तर कोणाला काय द्यायचं याची यादी करायला हवी. ही डायरी मक्याच्या पिठाच्या डब्यात राहील. तिथे पोलीस बघत नाहीत.

५ जून, गुरुवार.

छापून आलं. फार जहाल झालंय.

संपादक लिकोंग्वे (वय चौतीस, मला अमाई म्हणतो, म्हणजे आई, आणि मुलगा आईचं ऐकतो तितपतच ऐकतो) म्हणाला, अमाई, खाली एक ओळ लिहा ना, ठिपके म्हणजे काय ते, लोक विचारतात. मी त्याला सांगितलं की सिस्टर अल्डेगोंडांच्या मते विनोद समजावणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडात बोटाने घास कोंबणं. मी चार वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही, आणि लिहिणार नाही. तो म्हणाला, बरं, निदान टॅब्लेटवर तरी काढायला शिका, आणि स्वतःचा टॅब्लेट माझ्या हातात ठेवला. सोमवारपासून शिकते.

राष्ट्रपती भवनातून दिवसभरात फोन नाही. म्हणजे चांगलेच बिथरलेत.

डोंगराकडून चिपेरोनी सुरू झाली, ती बारीक गार भुरभुर. ब्लँटायर शहरभर धुकं. बॅगेतून स्वेटर तेवढा काढला. परत ठेवायचा आहे.

७ जून, शनिवार. दुपार.

आले.

दोन माणसं, काळे सूट, पॉलिश केलेले बूट, गाडी बाहेर उभी. मी शांत होते. खुर्च्या दिल्या, थोब्वा दिला, म्हणजे मक्याचं आंबूसगोड पेय. त्यांनी आधी हवेचा विषय काढला. मग रस्त्याचा. मग मक्याच्या पिकाचा. पाऊण तास झाला तरी मुद्द्यावर येईनात. हीच यांची पद्धत असते, माणसाला दमवायचं. मग थोरल्याने घसा साफ करून विचारलं, घरात कोणतं चर्च, आजारपणं काही, स्वभाव कसा.

मी उठून उभी राहिले. सांगितलं, कॅथलिक. वय त्रेसष्ट. दोनदा मलेरिया. स्वभाव असा की मी कुणाला भीत नाही आणि केलेल्या गोष्टीबद्दल माफी मागणार नाही. हवं तर आत्ता घेऊन चला, बॅग भरलेली आहे.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा हळूच म्हणाला, "आमचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, अमाई."

मुलाचे मामा होते. शेजारच्या मिसेस चिपेतांच्या मुलीसाठी, थोकोसाठी, लग्नाची बोलणी करायला आलेले. घर चुकले. मिसेस चिपेता कुंपणापलीकडून हे सगळं ऐकत होत्या आणि मध्ये पडल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, तुम्ही इतक्या तयारीत होतात, म्हटलं बघावं जमतंय का.

गालांना व्हॅसलीन लावलं, थंडीने फुटलेत. बॅगेतली डबी बाहेरच राहू दे.

१९ जून, गुरुवार.

वाचकांची पत्रं आली, नऊ. अखेर जनता जागी होते आहे. एकाने लिहिलंय, ठिपके म्हणजे महामहिमांनी खोदलेल्या बोअरवेल. दुसऱ्याने लिहिलंय, बोअरवेल नाहीत, रस्ते. तिसऱ्याला वाटतं लॉटरीचे आकडे, आणि तो जिंकलाय.

लिकोंग्वे म्हणाला, अमाई, एकच ओळ. मी म्हटलं, विचार करू दे. विचार केला. नाही. त्यापेक्षा ठिपक्यांभोवती काळी कड देते, म्हणजे डागासारखे दिसतील.

२६ जून, गुरुवार.

काळी कड दिली. मिसेस चिपेता म्हणाल्या, मोत्यांसारखे दिसतायत.

३ जुलै, गुरुवार. सकाळ.

रेडिओवर महामहिमांचे प्रवक्ते. म्हणाले, कायम टीका करणाऱ्या वर्तमानपत्रानेही आता सरकारची चौतीस कामं मोजून दाखवली आहेत, दर आठवड्याला, चित्रासकट. मला चहा कडू लागला.

मग विचार केला. माझ्याबद्दल बोलावं लागलं, म्हणजे वर्मी लागलंय. न लागलेल्या गोष्टीबद्दल प्रवक्ता कशाला बोलेल? बॅग पुन्हा तपासली. जपमाळ सापडेना, रविवारी चर्चला नेली होती ती तिथेच राहिली. पेटीकोट आहेत.

९ जुलै, बुधवार.

मिनीबसच्या मागच्या काचेवर माझी कोंबडी चिकटवलेली. बाजारात सुक्या उसिपा, त्या बारीक मासळ्या, विकणाऱ्या बाईच्या छत्रीवरही. मी सहज विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, आमचे महामहिम, बघा ना किती गोड दिसतात, पूर्वी टीव्हीवर त्यांची भीती वाटायची.

हे उघड बोलायची सोय नसते म्हणून लोक असं उलटं बोलतात. भूमिगत चळवळ अशीच असते. मी तिला समजल्यासारखी मान डोलावली. तिने मूठभर उसिपा जास्त घातल्या.

१६ जुलै, बुधवार.

अपोलोनियाचा फोन. अकरा वर्षांनी. घ्यायचा नाही असं ठरवलं आणि हात ओले असल्यामुळे चुकून घेतला गेला.

आवाज तसाच आहे, घंटेसारखा. शाळेत प्रार्थना तीच सुरू करायची. तब्येत विचारली नाही, काही नाही. म्हणाली, गिनी कोंबडीचं मूळ चित्र हवंय, मोठं, स्वच्छ, सगळे ठिपके असलेलं. वापरलं तर चालेल का?

मी ओळखलं. घाबरलेत. पक्षाला मूळ चित्र ताब्यात घेऊन जाळायचंय. पण मी सेंट ओडिलियाची. म्हटलं, खुशाल वापर, सगळ्या देशाला दाखव. ती म्हणाली, "बरं, मोदेस्ता. दाखवते."

दिवसभर खपून पूर्ण पानाएवढं काढलं, छत्तीस ठिपके. शत्रूच्या हाती देतानाही काम नीटनेटकं हवं. माणूस येऊन घेऊन गेला. तिच्याबद्दल मला काहीही वाटलं नाही. संध्याकाळी उगाच शाळेचं प्रार्थनागीत गुणगुणत होते एवढंच.

१२ ऑगस्ट, मंगळवार.

उभ्या उभ्या लिहितेय म्हणून अक्षर असं.

लामेक शिंप्याकडे फ्रॉकची चेन बदलायला गेले. दुकानासमोरच्या व्हरांड्यात त्याचं पायमशीन धडधडतंय आणि भोवती बायकांची ही गर्दी. सगळ्यांच्या हातात एकच कापड. जांभळं, त्यावर पिवळी किनार, आणि वारावारावर माझी कोंबडी. सुटाबुटातली. छत्तीसच्या छत्तीस ठिपक्यांची. पक्षाचं नवं चितेंजे, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड, निवडणुकीसाठी. महिला आघाडीने छापून घेतलं.

लामेक तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाला, अमाई, असं कापड वर्षानुवर्षं आलं नव्हतं, ठिपके इतके नीट ओळीत आहेत की शिवण जुळवायला काही त्रासच नाही. एरवी नेत्याचा चेहरा नेमका बसायच्या जागी येतो आणि बायका कुरकुरतात, या कोंबडीचं तसं काही नाही, कुठेही बसते. थोको चिपेतासुद्धा साखरपुड्याला हेच शिवून घेते आहे.

चेन न बदलताच परत आले. आता प्रश्न अटकेचा राहिलेला नाही. आता प्रश्न अब्रूचा आहे. उद्या अपोलोनियाच्या घरी जाऊन तिला चार शब्द सुनावणार. शब्द लिहून ठेवलेत. एकूण चौदा झाले.

१३ ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळ.

गेले. ती व्हरांड्यात बसलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, समोर भोपळ्याच्या पानांची टोपली. म्हातारी झाली. मला बघून उठली नाही.

"आत ये. ओरडायचं ते बसून ओरड, माझ्याच्याने मान वर करवत नाही."

मी कागद काढला. चष्मा घरी राहिला होता. मग पाठ होतं तेवढं म्हटलं. "तू माझी कोंबडी चोरलीस."

"मी विचारलं होतं. सगळ्या देशाला दाखव म्हणालीस. दाखवली."

"त्या ठिपक्यांचा अर्थ तुला माहीत तरी आहे का?"

तिने पानांचे देठ सोलायचं थांबवलं नाही. "पहिला गळ्यापाशी. तो आपल्या छपराचा. त्या गुरुवारीच कळलं मला. पान कापून बायबलात ठेवलंय." मग म्हणाली, "चार वर्षांत खाली एक ओळ का नाही लिहिलीस गं?"

"चित्राला बोलावं लागत नाही."

"बरं. पत्रे आले?"

मी चहा प्यायले. चहा चांगला होता. माझा राग तसाच आहे.

मग तिने सांगितलं ते असं. वर्तमानपत्रात बाजारवाले मासे बांधतात. गुरुवारचं चित्र शुक्रवारी खवल्यांनी भरतं. पण कापड बाई दहा वर्षं नेसते, त्यात बाळ पाठीला बांधते, मग त्याची उशीची खोळ करते. पक्षाला वाटलं महामहिम गोड दिसतात, म्हणून पक्षाने छापलं. तिला वाटलं, छत्तीस वचनं बायकांच्या अंगावर असली की ती कुणाला फाडून फेकता येणार नाहीत. तीस तारखेला महामहिमांची सभा शाळेजवळच्याच मैदानात. सभेआधी बायका नाचणार, आणि नाचणाऱ्या बायकांचं गाणं मध्येच तोडणं आमच्याकडे कुणाच्या बापाला जमलेलं नाही. ती पुढे उभी राहून एकेक ठिपका विचारणार, बायका उत्तर देणार. पण तिला अकराच ठिपके ओळखता आले. बाकीचे फक्त मला ठाऊक.

म्हणजे मी लिहून द्यायचं. समजावून. ठिपक्यागणिक.

स्वच्छ नकार दिला. उद्या सकाळी यादी घेऊन जायची आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

पहाटे यादी झाली. सतरावा कशाचा ते आठवेना. जुने अंक काढले, भिंग लावलं. शाईचा डाग निघाला. गेली दोन वर्षं मी तो दर आठवड्याला इमानाने पुन्हा काढते आहे.

सकाळी जाऊन हे सांगितलं तर अपोलोनिया एवढी हसली की टोपलीवर रेलली आणि टोपली कलंडली. म्हणाली, सतराव्याला नुसत्या टाळ्या वाजवू.

३० ऑगस्ट, शनिवार. मिनीबसमध्ये.

निरीक्षक म्हणून गेले होते, हे आधी नोंदवते. कापड अंगावर होतं कारण त्याशिवाय पुढे सोडत नव्हते.

तीनशे बायका जांभळ्या. डोंगर अगदी स्वच्छ दिसत होता. कुंपणापलीकडे शाळेच्या मुली, आणि त्यांच्यामागे वसतिगृहाच्या उघड्या भिंती. अपोलोनिया गुडघ्यांचे पट्टे काढून पुढे. महामहिम खुर्चीत, कापड बघून खुशीत.

तिने आवाज लावला, पहिला ठिपका कशाचा गं बायांनो. तीनशे गळ्यांनी उत्तर, सेंट ओडिलियाच्या छपराचं वचन, पत्रे येतायत, येतायत, अजून येतायत. दुसरा, नदीवरच्या पुलाचा. तिसरा, दवाखान्यातल्या पलंगांचा. स्टेजवर पक्षाची माणसं एकमेकांच्या कानाला लागली. कुंपणापलीकडच्या मुलींनीही धरलं, येतायत, येतायत. माझे पाय गार पडले होते म्हणून मी हलवत होते, त्याला नाच म्हणता येणार नाही.

मला वाटलं, आता. आता तोंड पाडून उतरतील. चार वर्षं या क्षणाची वाट पाहिली.

सातव्या ठिपक्याला महामहिम उठले, रुमाल काढला, खाली उतरले आणि नाचायला लागले. चांगलं नाचतात. सतराव्याला टाळ्या त्यांनीच सगळ्यात जोरात वाजवल्या. मग माइक घेऊन म्हणाले, या छत्तीसच्या छत्तीस गोष्टी मी पुन्हा निवडून येताच करीन, पावसाआधी. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी.

म्हणजे सगळी वचनं पुन्हा एकदा. मोडली तर ठिपके बहात्तर. कोंबडीवर एवढी जागाच नाही.

१ सप्टेंबर, सोमवार.

दोन बातम्या.

शाळेतून फोन होता. सकाळी ट्रक आला, साठ पत्रे घेऊन. शनिवारच्या सभेपासून मुलं रस्त्याने येतायत, येतायत म्हणत फिरतात, ते ऐकून जिल्ह्याच्या पक्षप्रमुखाचं डोकं उठलं, आणि त्याने रविवारी कुठून तरी जमवून पाठवले. एकशे वीस लागतात. साठ आले.

दुसरी. अपोलोनियाला महिला आघाडीतून काढलं. पत्रात कारण दिलंय, गुडघे.

ती दुपारी आली, दोन दिवसांसाठी म्हणून. बरोबर शिवायचं मशीन, कोंबडा आणि छापखान्यातून परत मिळवलेलं माझं मूळ चित्र घेऊन आली. रडली नाही. मी मांदाझी तळले, ते गोड वडे. म्हटलं, माझ्यामुळे झालं. म्हणाली, "तुझ्यामुळे? तू चार वर्षं ठिपके काढत बसलीस. मी गायले." मग माझ्या ताटातला शेवटचा मांदाझी उचलला.

तरी मुळात चित्र माझंच होतं. हे कुठेतरी नोंदलेलं असावं.

२ ऑक्टोबर, गुरुवार.

महामहिम निवडून आले. आधीपेक्षा दुप्पट मतांनी. लिकोंग्वे म्हणतो, विश्लेषक मंडळी कापडाचा उल्लेख करतायत. मी वर्तमानपत्र वाचलं नाही.

अटकेची बॅग आज पाहिली. आत फक्त खोडरबर होतं. त्यामुळे 'मला काही झालं तर' ती यादी रद्द. ही नवी, उद्यापासून अमलात आणायची.

साठ पत्रे वसतिगृहाच्या पूर्वेच्या बाजूला. त्याखाली पहिल्या फॉर्मच्या मुली, आणि मोठ्यांपैकी ज्यांना खोकला आहे त्या. पश्चिमेच्या बाजूसाठी सोमवारपासून मी आणि अपोलोनिया जिल्हा कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसणार. ती गाईल, मी यादी धरीन. छत्रीही न्यायची.

अपोलोनियाकडचं उरलेलं कापड अकरा वार आहे. दोन वार थोकोला, पहिलं मूल होईल तेव्हा पाठीला बांधायला, आणि तिच्या नवऱ्याच्या त्या मामांना सांगायचं की मी अजून कुणाला भीत नाही. एक वार लामेकला, मशीनवर झाकायला. बाकी सगळ्याचे जेवणाच्या खोलीच्या खिडक्यांना पडदे, मुली अजून तिथेच आहेत तोवर. पहिला ठिपका आतल्या बाजूला दिसेल असे शिवावेत.

टॅब्लेट लिकोंग्वेला परत. चित्राखालची ओळ त्याला दर गुरुवारी मिळेल, अपोलोनिया सांगेल, मी लिहीन. बॅग अपोलोनियाला, तिचे कपडे अजून बोचक्यात आहेत. स्वेटर माझा मला. पिठाचा डबा रिकामा करून धुवायचा. ती म्हणते, त्या पिठाच्या नसीमाला, रोजच्या जेवणातल्या घट्ट उकडीला, शाईचा वास येतो.

कोंबडीचं मूळ चित्र राष्ट्रपती भवनाला. काल तिथून फोन आला, चार वर्षांत पहिला. मी उभी राहून घेतला. महामहिमांना ते त्यांच्या खोलीत लावायचंय, समोरच्या भिंतीवर. एकच निरोप होता. चित्र छान आहे, पण चोच लहान वाटते.

काढून पाहिलं. लहान आहे. पाठवायच्या आधी वाढवावी.